पीडीएफची जोडणी, फोड आणि कुलूप

येडशीच्या चौकात सोलापूर–संभाजीनगर रस्ता आणि लातूर–बार्शी रस्ता एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी गॅरेज, टायर-पंक्चर, वेल्डिंग, हार्डवेअर, चहा-हॉटेल असे धंदे आपोआप उभे राहतात. यातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला नवे मशीन घ्यायचे आहे, त्यासाठी बँकेचे कर्ज हवे आहे, असे समजू. बँक सांगते : बारा महिन्यांचे स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटीचा दाखला, आधार, पॅन, वर्कशॉपचे भाडेपत्र, तारण असेल तर सातबारा, आणि मशीनचे कोटेशन. ‘सगळे एकाच पीडीएफमध्ये पाठवा, फाइल फार मोठी नको.’

आता हा माणूस काय करतो? मोबाइलवर ‘पीडीएफ जोडा फुकट’ असे शोधतो, पहिले सापडेल ते संकेतस्थळ उघडतो आणि आपले आधार, पॅन, बँकेचा वर्षभराचा हिशेब व जमिनीचा उतारा त्यावर चढवून मोकळा होतो. दोन मिनिटांत जोडलेली फाइल हाती येते. काम झाले. पण ती सर्व कागदपत्रे एका परक्याच्या संगणकावर गेली. ‘आम्ही काही तासांत पुसून टाकतो’ असे तिथे लिहिलेले असते. पुसले की नाही, हे पाहण्याची सोय मात्र आपल्याकडे नसते. दुकानाची किल्ली आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. कागदांच्या बाबतीत हात इतका सैल का सुटतो, हे आम्हाला कोडेच आहे.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. इंटरनेट बंद असले तरी चालतो. त्याचे नाव क्यूपीडीएफ. अमेरिकेतील जे बर्केनबिल्ट यांनी लिहिलेला हा प्रोग्राम कोणालाही विनामूल्य वापरता येतो. लिनक्सवर आणि विंडोजवर, दोन्हीकडे तो बसवता येतो. अडचण एकच. त्याला रंगीत बटणे नाहीत. संगणकातल्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून तो चालवावा लागतो. ज्यांनी डॉसच्या जमान्यात टॅली किंवा वर्डस्टार चालवले आहे त्यांना ही खिडकी ओळखीची वाटेल. नव्या पिढीला सुरुवातीला भीती वाटते, पण पाच-सहा हुकूम वहीत लिहून घेतले की काम भागते.

एक सूचना आधीच देतो. या पानावर आम्ही हुकूम देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करावेत. जिथे दोन आडव्या रेघा दिसतात तिथे वजाबाकीचे चिन्ह दोनदा दाबावे, दोन्हींच्या मध्ये जागा सोडू नये.

पीडीएफ आत कशी असते

हे थोडेसे समजले तर पुढचे सोपे जाते. अडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाई यंत्रावर कागद अगदी तसाच दिसावा, हा हेतू. १९९३ साली अ‍ॅक्रोबॅट बाजारात आले आणि २००८ साली पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. म्हणजे आज ते एका कंपनीच्या मुठीत नाही, आणि म्हणूनच असे फुकट प्रोग्राम लिहिले जाऊ शकतात.

पीडीएफ म्हणजे खतावणीसारखी रचना असते. मजकूर, अक्षरांचे ठसे, चित्रे हे सर्व तुकडे फाइलमध्ये पसरलेले असतात, आणि शेवटी एक सूची असते : अमुक तुकडा अमुक जागी. वाचणारा प्रोग्राम आधी शेवटची सूची पाहतो आणि मग पाने मांडतो. डॉसमध्ये ‘कॉपी’ हुकुमाने दोन मजकुराच्या फाइली अधिकचे चिन्ह घालून जोडता येत असत. जुन्या खोडीने ते पीडीएफवर करून पाहिले तर फसगत होते. फाइल नीट उघडत नाही, किंवा शेवटचीच कागदपत्रे दिसतात. कारण दोन वह्या एकीवर एक ठेवल्या तरी सूची दोनच राहतात. क्यूपीडीएफ सगळे तुकडे घेऊन नवी, एकच सूची तयार करतो. जोडणे म्हणजे हेच.

जोडणी

आधी सर्व फाइली एका फोल्डरमध्ये आणाव्यात आणि त्यांना ०१, ०२, ०३ अशी नावे द्यावीत. नुसते १, २, ३ देऊ नये. संगणक नावे अक्षरांप्रमाणे लावतो, तेव्हा १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. बँक स्टेटमेंटमध्ये एप्रिलनंतर जानेवारी आला की तपासणारा अधिकारी वैतागतो, आणि वैतागलेला अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. नावात रिकामी जागाही ठेवू नये. जागा असेल तर नाव अवतरण चिन्हांत घालावे लागते.

हुकूम असा :

क्यूपीडीएफ --एम्प्टी --पेजेस ०१.पीडीएफ ०२.पीडीएफ ०३.पीडीएफ -- अर्ज.पीडीएफ

‘एम्प्टी’ म्हणजे कोऱ्या फाइलपासून सुरुवात कर. ‘पेजेस’नंतर कोणत्या फाइली घ्यायच्या त्या. त्यानंतर नुसत्या दोन आडव्या रेघा म्हणजे यादी संपली. शेवटी नव्या फाइलचे नाव. त्या नुसत्या दोन रेघा नवखे लोक हमखास विसरतात आणि मग प्रोग्राम कुरकुरतो.

फाइलीच्या नावापुढे पानांचे आकडे दिले की तेवढीच पाने घेतली जातात. भाडेपत्र नऊ पानांचे आहे, पण पहिले पान, अटींची चार ते सहा पाने आणि सह्यांचे शेवटचे पान एवढेच हवे, तर नावापुढे १,४-६,झेड असे लिहावे. झेड म्हणजे शेवटचे पान, मग फाइल कितीही पानांची असो. स्कॅन करताना एखादे पान आडवे पडले असेल तर तेही सरळ करता येते :

क्यूपीडीएफ --रोटेट=+९०:२ आत.पीडीएफ बाहेर.पीडीएफ

म्हणजे दुसरे पान घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काटकोनात फिरव.

जोडून झाल्यावर पाने मोजावीत. नोटांचे बंडल मोजल्याशिवाय आपण गल्ल्यात टाकत नाही, तसे हे.

क्यूपीडीएफ --शो-एनपेजेस अर्ज.पीडीएफ

एवढे लिहिले की पानांची संख्या येते. वहीत केलेल्या बेरजेशी ती जुळली पाहिजे. ‘--चेक’ हा हुकूम फाइलची रचना शाबूत आहे की नाही हे सांगतो. आतला मजकूर बरोबर आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांसाठी एक खास गोष्ट. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यामुळे एकाच अर्जात जुन्या खरेदीखतावर उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर धाराशिव अशी दोन नावे येतात. काही घरांत तर निजाम राजवटीतले उर्दू दस्तऐवजही आहेत. दूरच्या शहरात बसलेल्या तपासनिसाला हे दोन वेगळे जिल्हे वाटू शकतात. म्हणून जोडलेल्या फाइलच्या आरंभी एक पान स्वतः टाइप करून लावावे : कोणता कागद कोणत्या पानावर, आणि खाली एक ओळ, की दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत. या एका पानाने बरीच पत्रापत्री वाचते.

फोड

जोडण्याइतकीच फोडण्याची गरज पडते. मोठ्या फाइलमधून तिसरे ते पाचवे पान हवे असेल तर :

क्यूपीडीएफ मोठी.पीडीएफ --पेजेस . ३-५ -- छोटी.पीडीएफ

मधला एकटा ठिपका म्हणजे ‘हीच फाइल’. आणि महिन्याची साठ पानी बिलांची फाइल आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन-दोन पाने आहेत, तर :

क्यूपीडीएफ --स्प्लिट-पेजेस=२ बिले.पीडीएफ पार्टी.पीडीएफ

क्षणात तीस फाइली तयार होतात, आणि नावापुढे पानांचे आकडेही आपोआप लागतात.

फोडण्याचे महत्त्व आम्ही ठेच लागल्यावर ओळखले. एकदा एका पार्टीला कोटेशन पाठवायचे होते. दोन पानांऐवजी आम्ही अख्खी फाइल पाठवली. तिच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या पार्टीला दिलेला कमी दर होता. पुढचे बोलणे कसे झाले असेल, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. पाठवण्याआधी पाने फोडून तेवढीच द्यावीत, हा धडा त्या दिवशी गिरवला.

आणखी एक चूक सांगून टाकतो. मूळ फाइल आणि नवी फाइल यांचे नाव एकच दिले तर क्यूपीडीएफ नकार देतो. पण नव्या फाइलला दिलेले नाव आधीच दुसऱ्या कुठल्या फाइलचे असेल, तर तो न विचारता तिच्यावर लिहून मोकळा होतो. आमचा मार्च महिन्याचा हिशेब असाच गेला. तेव्हापासून आम्ही नव्या फाइली नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये काढतो.

सही असलेल्या फाइलींना हात लावू नये

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, तेव्हा जरा सावकाश वाचावा.

महाराष्ट्रात पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो. त्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीची व शिक्क्याची गरज राहत नाही. ही डिजिटल सही म्हणजे कागदावर छापलेले चित्र नव्हे. फाइलमधल्या मजकुरावरून गणित करून ती काढलेली असते. फाइलमध्ये नंतर एक अक्षर जरी बदलले तरी गणित जुळत नाही आणि सही अवैध दिसते.

आता गंमत अशी, की असा सातबारा आपण दुसऱ्या कागदांसोबत जोडला, त्याचे एक पान काढले किंवा त्यावर पासवर्ड बसवला, तर क्यूपीडीएफ सगळी फाइल नव्याने लिहितो. पान दिसायला तेच, शिक्काही तोच, पण सही मेली. संगणकाच्या दृष्टीने तो आता साधा झेरॉक्स झाला. आधार केंद्राच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारचेही तसेच आहे, त्यावरही डिजिटल सही असते.

म्हणून आमची पद्धत अशी : डिजिटल सहीच्या फाइली जशा उतरवल्या तशाच एका ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, त्यांना कधीही हात लावायचा नाही. जोडलेल्या फाइलमध्ये त्यांची प्रत घालायची आणि सोबत मूळ फाइल वेगळी जोडून पाठवायची. मूळ फाइलला कुलूप लावायचेच असेल तर ती सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामने पासवर्डच्या झिपमध्ये बंद करावी. झिप उघडली की फाइल आतून जशीच्या तशी निघते, सही शाबूत राहते. सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक पहिल्या पानावरच्या सूचीत लिहिला तर बँकेचा माणूस संकेतस्थळावर स्वतः खात्री करून घेऊ शकतो.

कुलूप

पीडीएफला दोन पासवर्ड असतात. एक फाइल उघडण्याचा, दुसरा मालकाचा. हुकूम असा :

क्यूपीडीएफ --एन्क्रिप्ट उघडण्याचाशब्द मालकाचाशब्द २५६ -- आत.पीडीएफ बाहेर.पीडीएफ

२५६ हा आकडा कुलपाची जात सांगतो. जुनी ४० आणि १२८ या आकड्यांची कुलुपेही आहेत, पण ४० चे कुलूप आजच्या संगणकापुढे टिकत नाही. २५६ च वापरावे. दोन्ही पासवर्ड द्यावेत आणि ते वेगवेगळे असावेत.

पुष्कळ लोक फक्त मालकाचा पासवर्ड लावतात आणि ‘छापू नये, नक्कल करू नये’ अशी बंधने घालतात. त्यांचा समज असा, की फाइल सुरक्षित झाली. तसे नाही. अशी फाइल कोणालाही उघडता येते, आणि बंधने पाळणे हे वाचणाऱ्या प्रोग्रामच्या भलेपणावर असते. क्यूपीडीएफलाच ‘--डिक्रिप्ट’ असे सांगितले तर तो ती बंधने कोणताही पासवर्ड न विचारता काढून टाकतो. दारावर ‘आत येण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावावी आणि कडी घालू नये, त्यातला हा प्रकार. खरे कुलूप म्हणजे उघडण्याचा पासवर्ड.

पण कुलूप चांगले आणि किल्ली पायपुसण्याखाली, असे होऊ नये. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे, मोठ्या लिपीत, आणि जन्मसाल. ज्याला आपले नाव ठाऊक आहे त्याने फक्त साल ओळखायचे. सत्तर वर्षांची सत्तर साले धरली तर सत्तर प्रयत्नांत फाइल उघडली. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूसही ते करील. काही फाइलींना पूर्ण जन्मतारीख हा पासवर्ड असतो. सत्तर वर्षांतले सगळे दिवस मिळून पंचवीस-सव्वीस हजार होतात. संगणकाला ते किरकोळ आहे.

काही जण हुशारीने पॅन क्रमांक पासवर्ड ठेवतात. त्यांनी आपले बिलबुक उघडून पाहावे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच. म्हणजे आपण दिलेल्या प्रत्येक बिलावर आपली किल्ली छापलेली आहे.

तेव्हा सरकारी वा बँकेच्या फाइलचा ठरावीक पासवर्ड तिजोरीचा समजू नये. ज्या फाइलवर डिजिटल सही नाही, किंवा सहीची फक्त प्रत पाठवायची आहे, ती आधी उघडी करून घ्यावी :

क्यूपीडीएफ --पासवर्ड=जुनाशब्द --डिक्रिप्ट आत.पीडीएफ उघडी.पीडीएफ

आणि मग आपला लांब पासवर्ड लावावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि फोडायलाही जड जातो. फाइल ई-मेलने पाठवली तर पासवर्ड फोनवर सांगावा. दोन्ही एकाच व्हॉट्सअ‍ॅप संदेशात पाठवणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून देणे. उघडी केलेली मधली फाइल काम होताच पुसावी, आणि रिसायकल बिनही रिकामी करावी.

काळ्या खिडकीची एक खोडही सांगितली पाहिजे. टाइप केलेले हुकूम ती लक्षात ठेवते. लिनक्सवर आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ते फाइलमध्ये साठतात, म्हणजे त्यात पासवर्डही आला. स्वतःच्या संगणकावर ठीक आहे, पण झेरॉक्स सेंटरच्या किंवा भाच्याच्या संगणकावर नाही. तिथे हुकुमाचा एक-एक भाग एक-एक ओळीवर अशी साधी मजकुराची फाइल करावी आणि क्यूपीडीएफपुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह लावून तिचे नाव द्यावे. काम झाले की ती फाइल पुसावी. पासवर्ड त्या नोंदीत जात नाही.

आकार कमी करणे, आणि काळी पट्टी

क्यूपीडीएफ स्कॅनचा आकार फारसा कमी करत नाही. त्यासाठी गोस्टस्क्रिप्ट नावाचा दुसरा फुकट प्रोग्राम आहे :

जीएस -ओ लहान.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक मोठी.पीडीएफ

यात ‘डिव्हाइस’ आणि ‘पीडीएफसेटिंग्ज’ हे दोन शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत, त्यांच्या आधीचे एस आणि डी लहान लिपीत. ‘ईबुक’ म्हणजे इंचाला १५० ठिपके. स्कॅन ३०० चा असेल तर ठिपके चौथाईवर येतात आणि अक्षरे तरीही वाचता येतात. ‘स्क्रीन’ लिहिले तर ७२ वर येतात, पण मग सातबाऱ्यावरचे बारीक आकडे पुसट होतात. शिक्के वाचता आले नाहीत म्हणून अर्ज परत येण्यापेक्षा फाइल थोडी मोठी असलेली बरी. जुने हाताने लिहिलेले दस्तऐवज मात्र एकदा रंगीत आणि ३०० वर स्कॅन करून ते जपून ठेवावेत. लहान प्रत त्यांच्यावरून काढावी.

आधार क्रमांक झाकण्यासाठी पुष्कळजण पीडीएफवर काळी पट्टी ओढतात. मजकुराच्या फाइलवर ती पट्टी नुसती वर बसते, खालचा आकडा तसाच राहतो. निवडून नक्कल केली की बाहेर येतो. अमेरिकेत जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदांत हेच झाले. काळ्या केलेल्या ओळी पत्रकारांनी नक्कल करून वाचल्या. मोठे वकील फसतात तिथे आपली काय कथा! आधारसाठी सोपा मार्ग आहे : आधारच्या संकेतस्थळावर मुखवटा घातलेले, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे आधार मिळते. जिथे पूर्ण क्रमांकाची सक्ती नाही तिथे तेच द्यावे.

प्रत कशासाठी दिली हे तिच्यावर लिहिण्याची जुनी चांगली सवयही इथे चालवता येते. ‘फक्त मशीन कर्जासाठी’ आणि तारीख, एवढे एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत टाइप करून शिक्का.पीडीएफ अशी फाइल करावी. मग :

क्यूपीडीएफ अर्ज.पीडीएफ --ओव्हरले शिक्का.पीडीएफ --रिपीट=१ -- शिक्क्यासह.पीडीएफ

प्रत्येक पानावर ते शब्द उमटतात. जाणकार माणूस ते काढू शकतो हे खरे, पण सरळ हातांतून पुढे सरकणाऱ्या प्रतीला त्याने आळा बसतो. क्रमही ध्यानात ठेवावा : आधी जोडणी, मग आकार कमी करणे, मग शिक्का आणि सर्वांत शेवटी कुलूप. कुलूप आधी लावले तर पुढच्या प्रत्येक पायरीला पासवर्ड द्यावा लागतो.

झेरॉक्स व ऑनलाइन अर्जांची दुकाने चालवणाऱ्या वाचकांना एवढेच, की गिऱ्हाइकाचे कागद ही त्यांच्याकडची अमानत असते. दिवसाकाठी पन्नास लोकांची आधार-पॅन त्यांच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये साठतात आणि तिथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक फोल्डर करावे, काम झाले की त्याच्यासमोर ते पुसावे. आणि तयार झालेली फाइल पाठवण्याआधी एकदा मोबाइलवर उघडून पाहावी, कारण बँकेतला साहेबही बहुधा ती तिथेच उघडणार आहे.